क्लॅरिनेटची ओळ

व्हिएन्ना, २४ नोव्हेंबर १९१९

प्रिय फालेंटिन,

वाजलं बाबा एकदाचं! काल रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही एमरिखची रचना वाजवली. सभागृहात कोळसा नाही, म्हणून अंगात कोट आणि हातात बोटं कापलेले मोजे. पन्नास वादकांसाठी लिहिलेलं काम पाच जणांत बसवायचं म्हणजे लग्नाचा स्वयंपाक एका शेगडीवर करण्यातला प्रकार, पण तू उतरवलेल्या प्रती इतक्या स्वच्छ होत्या की कुणी अडखळलं नाही. दिग्दर्शकासमोरची प्रत तुझी, माझ्या हार्मोनियमसमोरची तुझी, सगळ्याच तुझ्या. क्लॅरिनेटची ओळ माझ्या वाट्याला आली. ती एमरिखने तुझ्यासाठी लिहिली होती हे मी विसरलेले नाही. लढाईत जबडा फुटलेल्या माणसाला क्लॅरिनेट फुंकता येत नाही, त्यात तुझा काय दोष? मी माझ्या परीने ती तुझ्या वतीने वाजवली.

आमच्या मंडळाचे नियम तुला माहीत आहेत. टाळ्या नाहीत, हुर्यो नाही, वर्तमानपत्रवाले नाहीत. आत यायला फोटो लावलेलं कार्ड. आज काय वाजणार ते आधी सांगायचं नाही, आणि जे वाजेल ते अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवायचं. एरवी हे नियम मला प्रिय आहेत. पण काल शेवटचा सूर थांबला आणि साठ माणसं दगडासारखी बसून राहिली तेव्हा वाटलं, एकाने तरी टाळी वाजवावी! ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं त्याचं काम होतं ते. तो आता आघाडीवर, इसोन्झो नदीच्या काठी मातीत आहे, त्याला कोण काय सांगणार?

नंतर अध्यक्ष लुडेशर आत आले. या माणसाने, स्वतः संगीतकार असून, आपली एकही रचना पहिली दोन वर्षं मंडळात वाजवायची नाही अशी अट स्वतःलाच घालून घेतली आहे, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आहे. ते म्हणाले, "दुसऱ्या भागाच्या शेवटी तुमची ओळ आणि व्हियोला इतके जवळ येतात आणि भेटत नाहीत. असं लिहायची छाती आज आमच्यापैकी कुणात नाही." मी फुगून गेले.

एमरिखची आईही आली होती, होलुबबाई. ओटाक्रिंग वस्तीतलं दूधदुकान बंद ठेवून, डोक्याला चांगली टोपी घालून. एक शब्द न बोलता निघून गेल्या.

बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. मुलींच्या शाळेतली नोकरी या 'मांजरांच्या मंडळा'साठी सोडली ना मी. शेवटचं बोलले ते एवढंच: "अगं, तुमच्यात चुकीचा सूर वाजला तरी कोण ओळखणार?" मी म्हटलं, आम्ही ओळखू.

तुझी ऑटी


श्टायर, १ डिसेंबर १९१९

प्रिय ऑटी,

पत्र रोझाने मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग मी तिला बाहेर घालवून स्वतः दोनदा वाचलं. माझी बहीण चांगली आहे, पण तिला प्रत्येक वाक्याला 'अरेरे' म्हणायची खोड आहे.

मला नीट सांग. दिग्दर्शक सरावात कुठे थांबला का? व्हियोलावाला काही म्हणाला का? दुसऱ्या भागात, जिथे तुझी ओळ येते तिथे, अध्यक्षांनी मान कशी हलवली? तू लिहितेस 'फुगून गेले', छान. पण त्यांचे नेमके शब्द लिही. भेटत नाहीत असंच म्हणाले? नक्की?

पुन्हा कधी वाजवणार आहात? किती वेळा?

माझं म्हणशील तर ठीक. चर्चच्या वाद्यवृंदाच्या प्रती करतो. बाहेर पडत नाही. गेल्या महिन्यात पडलो होतो तेव्हा बेकरीतल्या बाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पाव देताना स्वतःचा जबडा चाचपला. तेव्हापासून पाव रोझा आणते.

फालेंटिन


व्हिएन्ना, १८ जानेवारी १९२०

प्रिय फालेंटिन,

किती रे तुझा जीव या कामात! असं काळजीने विचारणारा माणूस आमच्या मंडळातही नाही. घे तर, सविस्तर.

चार वेळा वाजवून झालं. अजून तीनदा वाजवायचं ठरलं आहे, म्हणजे सात. दिग्दर्शक कुठेही थांबला नाही. व्हियोलावाला श्टेफान मात्र दुसऱ्या सरावात पुटपुटला होता, "शेवटी काहीतरी कानाला टोचतं." अध्यक्ष तिथेच बसले होते. म्हणाले, "टोचायलाच हवं. तुम्हाला गोड हवं असेल तर समोरच्या गल्लीत वॉल्ट्‌झ चालू आहे." सगळे हसले, मीसुद्धा. बिचारा श्टेफान लाल झाला आणि गप्प वाजवू लागला.

आणि खरंच, पहिल्या वेळी मलाही ते जरा टोचलं होतं. आता नाही टोचत. चौथ्या वेळी तर मला ते दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने असू शकेल असं वाटेनासं झालं. यालाच आमचे नियम 'समजणं' म्हणतात.

होलुबबाई दर वेळी येतात. तीच खुर्ची, खांबाजवळची. कोटाची बटणंही काढत नाहीत.

एक काम आहे. प्रागमधल्या मंडळींना ही रचना पूर्ण वाद्यवृंदासाठी हवी आहे. एमरिखच्या हातची मूळ प्रत तुझ्याकडेच आहे, तू जखमी होऊन परतताना त्याने तुझ्या पिशवीत घातलेली. ती पाठव.

तुझी ऑटी


श्टायर, २० फेब्रुवारी १९२०

ऑटी,

मूळ प्रत आत्ता पाठवता येत नाही. भिंतीला ओल आली, पानं वाळत घातली आहेत. शिवाय रोझाला खोकला आहे आणि टपालाचा भरवसा नाही. थोडं थांबा.

सात वेळा होऊन जाऊ दे. मग मला एकच सांग: कुणी काही म्हणालं का. तुझे अध्यक्ष, तुझे साठ कार्डवाले, कुणीही. एकानेही उठून काही म्हटलं नसेल तर तसं लिही. ते वाचून मला शांत झोप लागेल.

तुला हे विचित्र वाटेल. वाटू दे.

फालेंटिन


व्हिएन्ना, २२ मार्च १९२०

फालेंटिन,

घाईघाईत लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर रोझाकडून लावून घे. नको, रोझाला हे पत्र दाखवू नकोस.

काल सातवी वेळ झाली. नंतर मी ठरवून होलुबबाईंच्या दुकानी गेले. तिला सून मिळाली नाही आणि मला सासू, पण सात रविवार एका खोलीत बसून आम्ही एकमेकींशी चार शब्द बोललो नव्हतो, याची मला लाज वाटली. दुकानात दूध नव्हतंच, नुसते डबे. तिने मागच्या खोलीत नेलं, भाजलेल्या बार्लीची कॉफी दिली. कोपऱ्यात एमरिखचा पियानो, वर दुधाच्या रिकाम्या बाटल्या.

मी विचारलं, "आवडतं ना तुम्हाला? दर वेळी येता."

"आवडायचं काय त्यात, पोरी? त्याचा निरोप आहे. येणं भाग आहे."

"कसला निरोप?"

तिने आपला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तुला ठाऊक नाही? तू तर वाजवतेस. मला वाटलं, म्हणूनच तू माझ्याशी बोलत नाहीस."

मग तिने सांगितलं. शेवटच्या सुटीवर आला होता तेव्हा (मी त्या वेळी ग्राट्‌समध्ये शिकवण्या करत होते, आठवतं?) एमरिखने हाच भाग तिला या पियानोवर वाजवून दाखवला. "म्हणाला, आई, हा वरचा सूर म्हणजे तू. दुकानातून हाक मारतेस. खालचा तो मी, जिना चढतोय. ऐक हं, उशीर करतोय, टंगळमंगळ करतोय... आणि हे बघ, शेवटी पोचलो. दोघं एकाच पट्टीवर. हाक मारायचे चार सूर मला एका बोटाने शिकवले पण त्याने. म्हणाला, तू हाक मार, मी येतो."



"मग तुमच्याकडे ऐकलं," ती म्हणाली. "हाक तीच. जिना तोच. पण भेटतच नाहीत गं. मी वाट बघते, आता भेटतील, आता भेटतील. तो खालीच राहतो. तेव्हाच समजले मी. तिकडे परत गेल्यावर त्याने बदललं. परत येत नाही हे त्याला कळून चुकलं होतं. त्याला ते पत्रात लिहवेना, म्हणून असं कळवलं."

"सात वेळा ऐकलंत हे?"

"मग? बोलावतात तर जायला नको? तिथे बोलायचं नाही, पसंती-नापसंतीचं कसलंही चिन्ह दाखवायचं नाही, असं कार्डावरच छापलंय. रडणं पसंतीत मोडतं की नापसंतीत, ते दारावरच्या माणसाला विचारलं मी. त्याला माहीत नव्हतं. म्हणून नाही रडले."

फालेंटिन, सात रविवार मी या माझ्या दहा बोटांनी त्या बाईला सांगत होते की तुझा मुलगा परत यायचा नाही. आणि मला वाटत होतं, मी संगीत वाजवते आहे.

पण तिथून चालत घरी येताना डोक्यात दुसरंच सुरू झालं. एमरिखने खरंच बदललं होतं? मला का नाही लिहिलं? त्याने मला रचनेतला एकेक बदल कळवला आहे, साध्या स्वल्पविरामाएवढा असला तरी. त्याची मूळ प्रत फक्त तू पाहिली आहेस. ओल, खोकला, टपाल, सगळं पुरे झालं. मला एका ओळीचं उत्तर हवं आहे.

मूळ प्रतीत ते दोन सूर शेवटी भेटतात की नाही?

ऑटी


श्टायर, २६ मार्च १९२०

ऑटी,

भेटतात. एकाच सुरावर.

तू एका ओळीचं उत्तर मागितलंस, ते वर दिलं. पुढचं वाचायचं की चुलीत घालायचं ते तू ठरव.

क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर एक सूर लिहिलेला असतो आणि वाद्यातून निघतो तीन पायऱ्या खालचा. आमचं वाद्यच तसं. हार्मोनियमसाठी ती ओळ उतरवताना तीन पायऱ्या खाली लिहायची, हे शाळकरी पोराला कळतं. मी तशीच्या तशी उतरवली. का? कारण ती ओळ मी डोळ्यांनी वाचलीच नाही, ऑटी. बोटांनी वाचली. ते सूर दिसले आणि माझी बोटं भोकांवर जाऊन बसली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी वाजवत होतो. ओठ नव्हते, पण वाजवत होतो. मग तेच कागदावर आलं, दिग्दर्शकाच्या प्रतीत आणि तुझ्याही.

ती चूक होती, शपथ. पण पुडकं टपालात टाकलं त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तार करता आली असती. आधी भीतीने केली नाही. मला वाटलं, पहिल्याच सरावात पकडतील, शिव्या घालतील, काम जाईल. आणि तुझं पत्र आलं: अध्यक्ष म्हणाले, काय छाती!

तेव्हा मी हसलो. रोझा धावत आली, कारण मी हसलो की रडल्यासारखा आवाज येतो. मला वाटलं, अरे, म्हणजे कुणालाच काही ऐकू येत नाही! हे नवं संगीत, ज्यात मी असायला हवा होतो, त्यात काही नाहीच. मग माझं गेलं काय? काहीच नाही. तुझं प्रत्येक 'कुणी काही म्हणालं नाही' मला औषधासारखं लागायचं. सात वेळा होऊ द्या, असं मीच लिहिलं ना तुला?

ऐकणारी एक होती, हे मला माहीत नव्हतं. तिने असं ऐकलं असेल हे स्वप्नातही आलं नसतं. तुझं पत्र आल्यापासून मी दोन दिवस अन्नाला शिवलेलो नाही. हे दया यावी म्हणून लिहीत नाही, नुसतं सांगतो.

मूळ प्रत सोबत आहे. ओल कधीच आली नव्हती.

फालेंटिन


व्हिएन्ना, २७ एप्रिल १९२०

फालेंटिन,

महिनाभर तुला लिहू शकले नाही. लिहायला बसले की नुसत्या शिव्या सुचत होत्या, आणि मला येणाऱ्या शिव्या फार थोड्या आहेत. तू मूग गिळून बसलास. माझ्या हातांनी करवून घेतलंस. आणि मी तुझी पत्रं वाचून म्हणत होते, किती जीव या माणसाचा! तुझ्यावर चिडू की माझ्या स्वतःच्या कानांवर, हेच कळेना. बाबा जिंकले, फालेंटिन. चुकीचा सूर वाजला आणि आम्ही ओळखला नाही.

दोन्ही प्रती घेऊन मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी मूळ प्रत उलटली, शेवटचं पान वाचलं आणि खोलीतल्या कोळशाच्या पेटीवर बसले. "सात वेळा," म्हणाले. "आणि मी त्या व्हियोलावाल्याला सगळ्यांसमोर हसलो." मला वाटलं, आता प्रकरण दाबून टाकायला सांगतील. पण दुसऱ्या रविवारी त्यांनी मंडळात उभं राहून स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं, श्टेफानची माफी मागितली आणि म्हणाले, "आज जे ऐकाल ते खरं." आमच्याकडे भाषण करायचं नाही हाही नियमच. तो पहिल्यांदा मोडला.

मग वाजवलं. तीन पायऱ्या खाली. शेवटी माझा सूर आणि श्टेफानचा सूर एकमेकांत असे मिसळले की माझा कोणता ते मला कळेना. खरं सांगू? पहिल्या क्षणी मला तेच चुकीचं वाटलं. इतकी सवय झाली होती.

मी धावत खांबाजवळच्या खुर्चीकडे गेले. होलुबबाई कोटाचं बटण चाचपत होती. मला वाटलं, मिठी मारेल. ती म्हणाली, "तुम्ही भली माणसं आहात. म्हातारीसाठी शेवट गोड केलात."

"नाही हो! हेच खरं आहे. आधीचं चुकलं होतं."

"पोरी, सुटीतलं ते तुला मीच सांगितलं ना? मी सांगितलं आणि तुम्ही तसं करून दिलंत. त्या साहेबांनी भाषणही केलं माझ्यासाठी. पण नको. त्याने जे कळवलं तेच राहू दे. मुलाचा निरोप आहे, त्याला हात लावू नका."

मी मूळ प्रत तिच्यासमोर धरली, बोट ठेवून दाखवलं. "मला काय वाचता येतं?" म्हणाली. "माझ्या लेखी मुंग्याच या." आणि गेली.

आता ती येत नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत बसली आहे आणि मुलगा आपल्याला आधीच निरोप देऊन गेला असं धरून बसली आहे. माझ्या तोंडून ती ऐकणार नाही. मी तिला बरं वाटावं म्हणून बोलते असं तिला वाटतं. ज्याने चूक केली त्यानेच सांगितलं तर ऐकेल. सांत्वन करायला कुणी स्वतःच्या माथी पाप मारून घेत नाही.

तू ये, फालेंटिन. पत्र चालणार नाही. ते तोंड घेऊन ये.

ऑटी


व्हिएन्ना, ओटाक्रिंग, ७ जून १९२०

प्रिय ऑटी,

तू मंडळाबरोबर प्रागला आहेस असं तुझ्या घरमालकिणीने सांगितलं, म्हणून हे तिकडच्या पत्त्यावर. होय, ओटाक्रिंगहूनच लिहितो आहे. यायला सहा आठवडे लागले. पाच आठवडे धीर गोळा करण्यात गेले आणि एक रोझाशी भांडण्यात.

जूनच्या उन्हात नाकापर्यंत मफलर गुंडाळून ट्राममध्ये बसलो होतो. समोरच्या बाईने जागा बदलली. मी तिच्या जागी असतो तर मीही बदलली असती.

दुकानात दोन बायका होत्या, त्या जाईपर्यंत थांबलो. होलुबबाई म्हणाली, "दुधाचं रेशनकार्ड?" मी म्हटलं, "दूध नको. मी एमरिखच्या पलटणीतला. तुमच्या मुलाची रचना ज्याने चुकीची उतरवली तो मी." असं बोलायचं ठरवलं नव्हतं. ठरवलेलं सगळं विसरलो.

"काढ ते तोंडावरचं," ती म्हणाली. "एक अक्षर कळत नाही."

काढलं. तिने पाहिलं. बेकरीवालीसारखा स्वतःचा जबडा चाचपला नाही. मग मी सगळं सांगितलं: बोटांनी वाचलं ते, तार केली नाही ते, आणि कुणालाच ऐकू येत नाही म्हणून हसलो तेही. ते सांगायलाच हवं होतं, नाहीतर तिने मला पण भल्या माणसांत धरलं असतं.

ती गल्ल्यामागून बाहेर आली आणि माझ्या चांगल्या गालावर अशी सणसणीत ठेवून दिली की डब्यांची झाकणं वाजल्यासारखं वाटलं. "सात रविवार, मेल्या! सात रविवार मी त्याला पुन्हा पुन्हा पुरला! आणि तू तिकडे हसत होतास?" मी उभा राहिलो. लढाईनंतर डॉक्टर सोडून कुणी माझ्या तोंडाला हात लावला नव्हता, हे मला तेव्हा उगाचच आठवलं.

बराच वेळ ती डबे पुसत होती. पुसलेलेच पुन्हा पुसत होती. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तिकडे गेल्यावर गुणगुणायचा का तो हे?"

"शीळ घालायचा. रोज. आम्ही वैतागायचो."

"शेवटपर्यंत?"

"पूर्ण शेवटपर्यंत. दाढी करताना. मी क्लॅरिनेटची ओळ फुंकायचो, तो खालची शीळ घालायचा. दर वेळी भेटायचो. माझं तोंड फुटलं त्याच्या आदल्या सकाळीपण भेटलो होतो. त्याने काही बदललं नाही, होलुबबाई. तो येणार होता."

ती खाली बसली. दुकानाचं दार उघडंच होतं, एक बाई डोकावून गेली. होलुबबाई रडली ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की तिने कुणाला विचारलं नाही, हे पसंतीत मोडतं की नापसंतीत.

मग तिने पियानोवरच्या बाटल्या उचलल्या. मी खालची ओळ धरली, एमरिखची, टंगळमंगळ करत जिना चढणारी. तिने उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं आणि हाकेचे चार सूर वाजवले. तिसरा चुकला, पुन्हा वाजवला. शेवटच्या पट्टीवर माझं बोट आधीच होतं. तिचं वर येऊन टेकलं.

"सरक की जरा," ती म्हणाली. "तो जागा ठेवायचा."

मी सरकलो. एका पट्टीवर दोन बोटं कशीबशी मावली. सूर विरेपर्यंत तिने बोट उचललं नाही. मग म्हणाली, "अजून ते दुसरंच ऐकू येतंय मला. सात वेळा घुसलंय ते डोक्यात, एका वेळेत कसं निघेल?"

तेव्हा मी सात रविवार इथेच राहतो आहे. डबे धुतो आणि वाजवतो. रोझाला कळव, माझे जाड मोजे पाठव म्हणावं, मागची खोली थंड आहे.

तुझा फालेंटिन